राजाचं औषध
लहानपणीची एक अक्षय तृतीयेची दुपार. घरात ताई, मी आणि आतल्या खोलीत आजारी बाबा. आई रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत, कारखान्यात कामाला. आम्ही दोघं टीव्हीवर एक जपानी व्हिडिओ गेम खेळत होतो. माझ्या मुलाने परवा तोच जुना गेम नव्याने, इंग्रजीत आणला आणि कूलरच्या ओल्या खसचा वास आठवला. जपानी आम्हाला येत नसे, ताईच गोष्ट रचून सांगे. मध्येच ती बाबांना पाणी द्यायला गेली आणि भरलेला पेला तसाच घेऊन परतली. पडद्यावर राजा पलंगावर निपचित पडला होता. "ताई, हा मरून राहिला काय?" "काहून मरेल? झोपला आहे. चल, औषध शोधू." आई येईपर्यंत ती मला पडद्यावरच्या जंगलात फिरवत राहिली. आई आत गेली. बाबा केव्हाच गेले होते. इंग्रजीत राजा त्याच पलंगावर मरतो. औषध कुठेच नाही. ताईला त्या पेल्याबद्दल विचारायचं अजून राहिलंच आहे.