पाहुण्यांसाठी ठेवलेला साबण

काय सांगू तुम्हाला, आज मुलुंडला आईच्या बाथरूमचं कपाट आवरायला गेले आणि डोक्याला नुसता ताप झाला!

शाम्पूच्या सात रिकाम्या बाटल्या मी फेकायला काढल्या. आईने सातही परत आत ठेवल्या. "पाणी घालून हलवलं की अजून दोनदा होतं गं!"

मग मागच्या बाजूने एक डबा निघाला आणि माझं डोकंच फिरलं. आत तीन परदेशी साबण, अजून कागदातच. ऐंशीच्या दशकात मामाने दुबईहून आणलेले. तेव्हा आम्ही पाच जण मोरीत एकाच लाल साबणाने अंघोळ करायचो. दहावीच्या सेंडऑफच्या दिवशी मी यातला एक रडून मागितला होता. "पाहुण्यांसाठी आहेत," म्हणून आईने दिला नव्हता.

"आई, इतक्या वर्षांत आपल्याकडे एकही पाहुणा आला नाही का गं?" मी ओरडलेच.

तिने शांतपणे एक साबण काढून माझ्या हातात ठेवला. "आता तूच पाहुणी. घे, वापर."

वास तर त्याचा केव्हाच उडालाय. बाटल्या राहिल्या बाजूला, आता हा साबण कसा फेकू, सांगा ना!