गालियाखालाची साक्ष

आमच्या गावात बाईमाणूस गेलं की गालियाखालाला बोलावणं यायचं. माझ्या आईची ही थोरली बहीण तीस वर्षं मयतांना अंघोळ घालत आली होती. बोरीचा पाला उकळलेलं पाणी मी ओतायचे. तिची ताकीद एकच, "दिसलं ते इथंच विसरायचं, पोरी."

एका सकाळी टाक्यावर पाणी भरायला गेलेल्या बायकांवर विमानाने बॉम्ब टाकला. सात जणी गेल्या. सातही जणींना खालानेच अंघोळ घातली, पाणी मी ओतलं. रेडिओवर सांगितलं, मेले ते सगळे हत्यारबंद होते.

चार महिन्यांनी राजधानीतून, सनाहून, इब्तिहाल नावाची मुलगी अशा हल्ल्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेतर्फे चौकशीला आली. पुरुष म्हणाले, "सात बायका." नावं विचारली तर सगळे जमिनीकडे बघायला लागले. परक्यासमोर घरच्या बाईचं नाव कोण घेणार? कबरींवरही नावं नव्हती.

"मग त्या बायकाच होत्या, हे सांगणार कोण?" इब्तिहालने विचारलं.

खाला दोन दिवस धड जेवली नाही. मग नावं सांगायची परवानगी मागत घरोघर फिरली. सहा घरं हो म्हणाली. सातव्या घरी नूरियाची आई भडकली, "पंधरा वर्षांची होती गं माझी. जिवंतपणी तिचा केससुद्धा कुणाला दिसला नाही. आता तू तिला चारचौघांत उघडी पाडणार, गालिया?"

खालाने इब्तिहालला सहा नावं सांगितली. कुणाच्या हाताला मेंदी होती, कुणाला सातवा महिना होता. सांगताना ती स्वतःचेच हात ओढणीत लपवत होती.

"आणि सातवी, खाला?"

"मला सहाच ठाऊक."

मी तोंड उघडलं, तशी तिने माझं मनगट घट्ट दाबलं.

वर्षाने बॉम्ब टाकणाऱ्यांच्या चौकशी समितीचं उत्तर आलं. इब्तिहालने फोनवर वाचून दाखवलं: गावकरी सात म्हणतात, अंघोळ घालणारी सहा, साक्षींत मेळ नाही, सामान्य नागरिक मेल्याचं सिद्ध होत नाही.

"म्हणजे माझ्यामुळे?" खालाने विचारलं.

"नाही हो, खाला. त्यांना निमित्तच हवं होतं."

खालाला ते पटलं नाही.

कानोकानी ऐकून नूरियाची आई धावत आली आणि उंबऱ्यातच बसली. "सांग त्यांना. नूरिया म्हण. मोठ्यांदा म्हण!"

मी इब्तिहालला परत फोन लावला. ती म्हणाली, "लिहून घेते. पण फाईल बंद झालीय." तरी त्या माउलीने फोन हातात घेऊन सगळं सांगितलं. नूरियाचं नाव, वय, डाव्या भुवईवरचा तीळ. पलीकडून इब्तिहाल नुसती हं, हं करत राहिली.

त्यानंतर कुठूनही बोलावणं आलं की खाला मला एकटीला पाठवते. स्वतः ती मयताजवळ पुन्हा गेली नाही.