ज्याची तबकडी, त्याचं कव्हर

आमच्या वरच्या मजल्यावरचे कव्हरभाऊ ठार बहिरे आहेत, अशी इमारतीत बरेच दिवस बोलवा होती. माणूस जॅझच्या रेकॉर्डी गोळा करतो, त्यांनी अख्खी खोली भरतो, आणि रेकॉर्ड लावली की कान द्यायचा सोडून तिचं पुठ्ठ्याचं कव्हर हातभर लांब धरून त्याच्याकडे टक लावून बसतो. बायको स्वयंपाकघरातून हाका मारून दमते, हा ढिम्म. मग लोकांनी दुसरं काय समजायचं? बोलवा कोणी उठवली ते विचारू नका. जिन्यात उभं राहून बोलणारी या इमारतीत मी एकटीच नाही.

पण ती खोटी होती, हे मला लवकरच कळलं. तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाईंच्या कानात मी हेच कुजबुजत होते, अगदी हळू, तर जिन्याच्या पार वरून आवाज आला, "वहिनी, बहिरा नाही हो मी. पण तुमचं चालू द्या, चांगलं रंगलंय." तेव्हा सांगायचं ते एवढंच, की बायकोची हाक ऐकू न येणं हा कानाचा विकार नव्हे. तो मुरलेल्या संसाराचा गुण आहे, आणि तो आमच्याही घरी आहे.

कव्हरभाऊ हे नाव त्यांना पडलं ते उगाच नाही. खोकी छापणाऱ्या कारखान्यात त्यांची हयात गेली. साबणाच्या वेष्टणावरचा निळा किती निळा असावा, औषधाच्या खोक्यावर अक्षरं कुठे बसवावीत, हे ठरवायचं त्यांचं काम. काम संपवून माणूस घरी येतो, यांचं काम यांच्याबरोबर घरी यायचं. एकदा खोकल्याने बेजार झाले होते, तर डॉक्टरांनी दिलेली बाटली घेईनात. म्हणे, "अक्षरं बघा कशी कोंबलीत, गर्दीत चेंगरल्यासारखी. खोकला जाईल, पण ही बाटली उशाशी ठेवून झोप कशी लागेल?" शेवटी ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, ते औषध लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ओतलं, तेव्हा घशाखाली उतरलं. कोपऱ्यावरच्या न्हाव्याला त्यांनी त्याची पाटी कशी चुकली आहे ते खुर्चीत बसूनच समजावायला घेतलं होतं. न्हाव्याने अर्धी दाढी झाल्यावर वस्तरा थांबवला आणि विचारलं, "साहेब, आधी अक्षरं सुटी करू की दाढी पुरी करू?"

रेकॉर्डींचा नाद लागला तोही कव्हरांपायी. तरुणपणी कुठल्याशा जुन्या बाजारात त्यांना एक जॅझची रेकॉर्ड दिसली. कव्हरवर म्हणे नुसतं एक तिरकं अक्षर आणि शिंग फुंकणाऱ्या माणसाची सावली. आत काय आहे हे न विचारताच घेतली. मग आत काय आहे ते ऐकावं म्हणून रेकॉर्ड प्लेअर घेतला. मग त्या प्लेअरला एकटं वाटू नये म्हणून आणखी रेकॉर्डी. असं करत करत घरातली मागची खोली भरली. ताईंचं शिवणयंत्र त्या खोलीतून आधी पॅसेजमध्ये आलं, आणि पॅसेजमधून स्वयंपाकघरात, फ्रिज आणि मोरी यांच्या मधोमध.

ताई पडदे शिवतात. हात असा, की खिडकीने स्वतःहून मापं द्यावीत. गेल्या वर्षी त्यांना एका नव्या वसतिगृहाच्या सगळ्या खिडक्यांचं काम मिळालं. एवढं कापड बेतायला लांबलचक टेबल हवं, आणि टेबलाला खोली हवी. कापड महिनाअखेरीस येणार होतं. ताईंनी एक दिवस पोळ्या लाटता लाटता, आवाज न चढवता सांगितलं, "त्या खोलीत एक तर तुमच्या रेकॉर्डी राहतील, नाही तर माझं टेबल. दोघी सवती एका घरात नांदायच्या नाहीत. कापड यायच्या आत त्यांची सोय लावा, नाही तर मी रद्दीवाल्याला बोलावते."

ताई आवाज चढवतात तेव्हा घाबरायचं कारण नसतं. त्या दिवशी कव्हरभाऊ घाबरले. त्यांनी संगीत संग्रहालयाला फोन लावला. तिथे जॅझच्या जुन्या रेकॉर्डी जपून ठेवतात आणि ज्याला हव्या त्याला ऐकवतात. कव्हरभाऊंची अट एकच होती, संग्रह फोडायचा नाही. जाईल तर सगळा एका ठिकाणी जाईल.

संग्रहालयाच्या बाई आल्या त्या पांढरे हातमोजे घालूनच. ताईंनी पहिल्या नजरेत ओळखलं की मोजे अंगठ्यापाशी उसवलेत. मीही होतेच तिथे. विरजण मागायला गेले होते. बाईंनी खोली पाहिली आणि त्यांचा चेहरा खुलला. भिंतभर रेकॉर्डी उभ्या, कुठे धूळ नाही, कुठे कोपरा दुमडलेला नाही. "सुरेख," त्या म्हणाल्या, आणि एक रेकॉर्ड काढली. कव्हरवर शिंगवाला. आतली तबकडी बाहेर आली, तर मधल्या कागदावर पियानोवाल्याचं नाव.

"हे चुकून झालेलं दिसतंय," बाई म्हणाल्या आणि दुसरी काढली. कव्हर ढोलवाल्याचं, आत गाणारी बाई. तिसरी. कव्हर गाणाऱ्या बाईचं, आत भलताच कोणी.

"घरात लहान मुलं आहेत का?" बाईंनी विचारलं.

"छे," कव्हरभाऊ म्हणाले.

"मग हा उद्योग कोणाचा?"

"माझा," कव्हरभाऊंनी सांगितलं, आणि छाती अशी पुढे काढली की मला वाटलं आता बक्षीस घ्यायला पुढे होतात.

भानगड अशी होती. तरुणपणी प्रत्येक रेकॉर्ड ऐकून झाली की ते कव्हर समोर धरून न्याय करायचे. कव्हर लालभडक, अक्षरं पळत सुटलेली, आणि आतलं संगीत जेवण जड झाल्यासारखं? मग त्या कव्हराला ती तबकडी शोभत नाही. ती दुसरीकडे द्यायची, आणि या लाल कव्हरात एखादी धडधडणारी तबकडी आणायची. अशी खोलीभर त्यांनी स्थळं जुळवली होती. कव्हर छापणाऱ्यांनी केलेल्या चुका आपण निस्तरल्या, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

बाईंनी मोजे काढले. "अहो, आमचं संग्रहालय आहे, वधूवर मंडळ नाही. कोणी अमक्याची रेकॉर्ड मागितली आणि आतून तमका निघाला, तर मी काय सांगू? जोडा शोभत नव्हता म्हणून?"

"खरं तेच सांगा," कव्हरभाऊ म्हणाले.

"तुमची मतं तुमच्यापाशी ठेवा, तबकड्या मला द्या," बाई म्हणाल्या. "सगळा संग्रह घेते, फोडत नाही, हा माझा शब्द. पण ज्याची तबकडी त्याच्या कव्हरात हवी. महिनाअखेरीस आमची गाडी या भागात येते. तोवर नीट लावून झालं तर न्यायचं, नाही तर नाही."

बाई गेल्या तशा ताईंनी पदर खोचला. कव्हरभाऊ तयार झाले, पण कडू काढा घ्यायला होतात तसे. मला नावं वाचायला बसवलं, कारण माझ्या तोंडाला तसाही विराम नसतो.

वाटलं होतं सोपं काम आहे. कसलं सोपं. या तबकडीचं कव्हर सापडावं तर त्यात दुसरीच बसलेली. तिला बाहेर काढावं तर तिच्या घरात तिसरी. एक बिऱ्हाड हलवायचं तर सगळी गल्ली रिकामी करावी लागत होती. बिनघराच्या तबकड्या पलंगावर, फ्रिजवर, पिठाच्या डब्यावर. आणि कव्हरभाऊ प्रत्येकीला परत पाठवण्याआधी एकदा वाजवणार, निरोपाचं म्हणून. "ही गरीब बिचारी त्या पिवळ्या भडक घरात परत कशी राहील हो, वहिनी?" असं म्हणून माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचे, "आम्ही राहतो तशी राहील."

ताई म्हणायच्या, "एवढी लग्नं मोडलीत आणि जुळवलीत, आपलं तेवढं कसं सुटलं?"

"आपलं कव्हर पहिल्यापासून बरोबर होतं," भाऊ म्हणायचे.

"आणि आतलं?"

यावर भाऊ सुई बदलायला उठायचे.

आठवडाभर असं चाललं आणि एका सकाळी त्यांनी हात वर केले. म्हणाले, "मला जमणार नाही. हे पाप आहे. बाईंना सांगून टाक, तशा घ्यायच्या तर घ्या." अर्धी खोली इकडे, अर्धी तिकडे, आणि माणूस आरामखुर्चीत. कापड यायला थोडेच दिवस उरले होते. ताईंनी वाद घातला नाही. त्यांनी खिडकीतून रद्दीवाल्याला हाक मारली.

रद्दीवाला आला, त्याने खोली न्याहाळली. एक कव्हर हातावर तोललं, वाकवून पाहिलं. "पुठ्ठा चांगला आहे," तो म्हणाला. "कव्हरं घेतो. त्या काळ्या चकत्या तुमच्या तुम्हाला राहू द्या, त्या कोण घेणार?"

"बघा," ताई नवऱ्याला म्हणाल्या, "शेवटी तुमच्या मताचा माणूस भेटला. यालाही फक्त कव्हरच हवंय."

कव्हरभाऊंचा चेहरा मात्र पाहण्यासारखा झाला होता. संग्रह फुटायचा नाही म्हणून ज्यांनी अट घातली, त्यांच्यासमोर हा माणूस तो मधोमध चिरायला निघाला होता, पुठ्ठा एकीकडे, गाणं एकीकडे. त्यांनी रद्दीवाल्याच्या हातातलं कव्हर काढून घेतलं आणि म्हणाले, "उद्या बघू." रद्दीवाला जुनी वर्तमानपत्रं तरी द्या म्हणाला. ताईंनी दिली.

तो गेल्यावर ताई म्हणाल्या, "निदान फ्रिजवरची ती तबकडी तरी उचला. दूध काढायला गेलं की हात लागतो."

ती तबकडी एका पियानोवाल्याची होती. तिचं मूळ कव्हर मी शोधून दिलं. सगळं काळं कुळकुळीत, आणि खाली उजव्या कोपऱ्यात नखाएवढा पिवळा चौकोन. बस. नावसुद्धा पाठीमागे. तरुणपणी भाऊंनी या कव्हराची फार टिंगल केली होती. "छापणाऱ्याची शाई संपत नव्हती आणि कल्पना संपली होती," असं ते सगळ्यांना सांगायचे, मला तर किती वेळा सांगितलं असेल. तबकडी काढून त्यांनी धुक्याचं चित्र असलेल्या एका निळ्या कव्हरात घातली होती, आणि ती त्यांच्या सगळ्या जुळवाजुळवीतली पहिल्या नंबरची जोडी, असं ते मानायचे.

त्यांनी ती लावली, आणि सवयीने कव्हर समोर धरलं. पियानो अगदी सावकाश, सूर कमी, मधल्या जागा जास्त. तबकडीची बाजू संपली. त्यांनी सुई उचलून परत सुरुवातीला ठेवली. मग त्यांनी हाक मारली, "अगं, जरा इकडे ये."

ताई आल्या. गळ्यात मापाची फीत, तोंडात टाचण्या.

"हे बघ. काय दिसतंय?"

ताईंनी टाचण्या हातात घेतल्या. "काळं. कोपऱ्यात पिवळं."

"आता हे ऐकत ऐकत बघ."

ताई उभ्या राहिल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "सगळी वस्ती निजलीय. एकाच खिडकीत दिवा आहे." मग आणखी जरा वेळाने, "आणि त्या खिडकीला पडदा नाही."

भाऊ हसले नाहीत. "हे मला तेव्हा का दिसलं नाही?" एवढंच म्हणाले. विचारलं कोणाला ते कळलं नाही, म्हणून आम्ही दोघीही गप्प राहिलो, आणि मी गप्प राहिले हे इमारतीत कोणाला सांगितलं तर पटायचं नाही. त्यांनी तबकडी पुसली आणि त्या काळ्या कव्हरात सारली. मग बाही वर करून म्हणाले, "वहिनी, पुढचं नाव वाचा."

त्यानंतर काम झपाट्याने उरकलं. निरोपाचं वाजवणं बंद झालं नाही, पण तक्रार बंद झाली. मधूनच एखादं कव्हर बघून ते "हं" म्हणायचे. त्या "हं"मध्ये काय असेल ते आम्ही ओळखून होतो, पण बोलून दाखवलं नाही. निदान त्या दिवसांत तरी.

महिनाअखेरीस गाडी आली, बाई आल्या, आणि जिन्यात त्यांच्या मागोमाग पडद्याच्या कापडाचे गठ्ठेही आले. एका दारातून दोन्ही आत शिरायला बघत होती. बाईंनी मोजे घातले, ताईंनी शिवून दिलेले नवे. कपाटातून मधूनच एक रेकॉर्ड ओढून काढायची, आत बघायचं, मान हलवायची. शिंगवाल्यात शिंगवाला. ढोलवाल्यात ढोलवाला. ताई गठ्ठ्यावर हात ठेवून उभ्या. मग बाईंनी ते काळं कव्हर काढलं, आत बोटं घातली, आणि आत काहीच नव्हतं.

"हे काय?" बाई म्हणाल्या. ताईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यांच्या जागी मी असते तर खिडकीतून उडी मारली असती.

"सकाळी लावली होती," भाऊ ओशाळून म्हणाले, आणि प्लेअरवरची तबकडी काढून आणली.

बाईंनी ती हातात घेतली, त्यांच्याकडे पाहिलं आणि जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "ही एक ठेवायची असेल तर ठेवा. मी अडून बसणार नाही."

"नको," भाऊ म्हणाले. "फोडायचा नाही म्हणजे नाही. मला ऐकावीशी वाटली तर मी तिकडे येईन. खुर्ची बरी ठेवा."

रेकॉर्डी खाली गेल्या. मागच्या खोलीत टेबल आलं, टेबलावर कापड उलगडलं, आणि ताईंनी कात्री चालवायला सुरुवात केली. भाऊ दारात उभे राहून कापडाच्या रंगाबद्दल मत द्यायच्या बेतात होते. ताईंनी कात्री न थांबवता "हं" म्हटलं, तेव्हा ते बाहेर येऊन जिन्यात माझ्याजवळ उभे राहिले.

आता मी इतके दिवस दाबून धरलेलं किती दाबणार? मी म्हटलं, "भावोजी, एक कबूल करा. एवढी वर्षं त्या काळ्या कव्हराला नावं ठेवलीत, आणि शेवटी चूक तुमचीच निघाली."

कव्हरभाऊ म्हणाले, "माझी कशी? ज्याने ते कव्हर काढलं तो तेव्हाच साठीचा असणार. मला साठी गाठायला वेळ लागला, त्याला मी काय करू?"