माझ्या तहानेचा अभिमान

हे सांगताना आजही माझी मान खाली जाते. पण ज्या कृपेनं मला वाचवलं ती लाजेच्याच वाटेनं आली, म्हणून लाज गाळून सांगता येत नाही.

लातूर जिल्हा नवा झाला होता आणि पाऊस रुसला होता. नव्या जिल्ह्याच्या एका कचेरीत मी टायपिस्ट होते. भाड्याची इमारत, सगळे पुरुष, मी एकटी बाई. बायकांसाठी संडास नव्हता, म्हणून मी सकाळपासून पाणीच पीत नसे. घरी टँकरचं पाणी. ते आधी सासू-सासऱ्यांना, लेकरांना, उरलं तर मला. हळूहळू या न पिण्यालाच मी तप समजू लागले. मी जायची त्या मठात सकाळी योगासनं चालत, यम-नियमांवर निरूपण होई. अहिंसा म्हणजे काय, ते मी नव्या बायकांना समजावून सांगे. मुंग्यांना साखर घाली. गळ्यातल्या इष्टलिंगाला पळीभर पाणी वाही आणि सुकल्या ओठांनी म्हणे, महादेवा, माझी तहान तुला अर्पण. लघवीला जळजळ होई, कंबर ठणके, अंगात कणकण असे. पण असल्या जागेचं दुखणं नवऱ्याला तरी कसं सांगायचं?

एकदा भाचीच्या बारशाला कंधारला, माहेरी निघाले. बस अहमदपूरच्या जवळ आली आणि कंबरेतून अशी कळ उठली की डोळ्यांपुढे अंधारी आली. त्या भरल्या बसमध्ये, बसल्या जागी, माझी साडी ओली झाली. वास पसरला. शेजारचा माणूस झटकन उठून उभा राहिला. मागं कुणीतरी हसलं. मी पदरात तोंड लपवलं आणि महादेवाला म्हटलं, इथंच ने मला.

तेवढ्यात पुढच्या सीटवरची एक म्हातारी उठली आणि त्याच ओल्या सीटवर माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या मांडीवर फडकं बांधलेली पितळी कळशी होती.

"लई दुखून राहिलं का माय? पाणी कवा पिलीस?"

मला आठवेना. तिनं फडकं सोडून पेला भरला, पण तिचा हात मध्येच थांबला.

"आमच्या घरचं हाय. चालंल का तुला?"

त्या अवस्थेत बसलेल्या मला तिनं शिवाशिवीचं हे विचारावं! ही लाज पहिल्या लाजेहून जड होती. मी दोन्ही हात पुढे केले.

अहमदपूरला कंडक्टरनं बस दवाखान्यापाशी थांबवली. म्हातारी माझ्यासोबत उतरली. बस तिला सोडून पुढे निघून गेली. दवाखान्याच्या मागच्या भिंतीआड तिनं कळशीतल्या पाण्यानं मला धुतलं. बोलता बोलता कळलं, लेकीच्या गावाला पाणी नव्हतं, म्हणून बाळंतीण लेकीसाठी ती घरून ही कळशी नेत होती.

"मावशी, लेकीचं पाणी माझ्यावर कशाला..."

"मंग? लेकीलाच तर घालून राहिले."

तिनं आपल्या गाठोड्यातलं निळ्या काठाचं पांढरं लुगडं मला गुंडाळलं. आत तपासणीत कळलं, विकार मूत्रपिंडापर्यंत गेला होता. "इतकं अंगावर का काढलंत?" डॉक्टरांनी विचारलं. म्हातारीच मला म्हणाली, "दुसऱ्याचं लेकरू आसतं तर आसं तहानलेलं ठिवलं आसतंस का?"

मुंगीला जपणारी मी स्वतःच्या देहाशी कसायासारखी वागले होते, आणि वर त्याचा मला अभिमान होता.

सलाईन चालू असताना डोळा लागला. जागी झाले तेव्हा उशाशी निरोप मिळून आलेला नवरा होता. म्हातारी रिकामी कळशी घेऊन गेली होती. मी तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. लुगडं परत करायला आम्ही अहमदपूरपुढच्या लोह्याच्या रस्त्यावरची गावं पालथी घातली. ती भेटली नाही.

बरी होऊन कामावर गेले त्या दिवशी साहेबांपुढे उभी राहिले. "साहेब, इथं बायकांसाठी संडास नाही. त्यामुळं मला पाणी पिता येत नाही." खोलीतल्या सगळ्या माना वळल्या. साहेबांनी नजर खाली केली. पण महिन्याभरात मागच्या अंगणात पत्र्याचा आडोसा उभा राहिला.

ती कोण होती, याचा खल मी करत नाही. तिच्या लेकीचं घर भरलेलं राहो, एवढंच रोज मागते. माझी तहान महादेवानं कधी मागितलीच नव्हती. कुणी पाणी दिलं तर ओंजळ पुढे करावी, एवढंच त्याचं मागणं होतं. आणि त्या बसपर्यंत मला तेच सगळ्यात अवघड गेलं.