दीडशहाण्याचं प्लगइन

घरात त्याला दीडशहाणा म्हणत, आणि ते काही उगाच नाही. ‘माहीत नाही’ एवढं साधं उत्तर त्याच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. रस्त्यात कुणी पत्ता विचारला, तर हा छातीठोकपणे कुठली तरी गल्ली दाखवून मोकळा व्हायचा. पायपीट त्या बिचाऱ्याची, याचं काय जातंय.

त्याची थोरली बहीण मुलांच्या दवाखान्यात नर्स. पालकांसाठी औषधांच्या सूचना ती साध्या मजकुराच्या फायलींत लिही आणि एक प्रोग्राम त्यांची वेबसाइट तयार करी. एका पानावरून दुसऱ्या पानाची लिंक द्यायची तर लांबलचक पत्ता लिहावा लागे. ताई अगदी मेटाकुटीला आली होती. मग या पठ्ठ्याने त्या प्रोग्रामला जोडायचं एक छोटं प्लगइन लिहिलं. ताईने चौकटी कंसात नुसतं पानाचं नाव टाकायचं, पत्ता ते शोधणार. त्या नावाचं पान नसेल, तर सगळ्यात जवळच्या नावाचं देणार. अडून बसणं त्याच्या स्वभावातच नव्हतं, मग त्याच्या प्लगइनच्या कुठून असणार?

एका दुपारी ताईचा फोन आला. सकाळी तिने ‘तापाचं औषध, तान्ही बाळं’ हे पान दुरुस्तीसाठी काढून ठेवलं होतं. प्लगइनने ब्र न काढता त्या पानाची लिंक ‘तापाचं औषध, मोठी मुलं’ या पानाला जोडून टाकली. आणि तासाभरापूर्वी एका बाळाच्या आईला ताईनेच सांगितलं होतं, की लिंक उघडा, माप तिथे आहे.

तो धावतपळत दवाखान्यात पोचला. आधी ती लिंक काढली. शेजारी ताई त्या आईला फोन लावत होती. नुसती रिंग वाजत राही आणि बंद पडे. आपण लिहिलेल्या एका ओळीने कुणाचं बाळ जाईल, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. ताईने पुन्हा लावला. पुन्हा.

अखेर फोन उचलला गेला. औषध मापात ओतून झालं होतं, पण बाळाच्या आजीने आईचा हात धरला होता. एवढ्याशा जिवाला एवढं औषध कसं, आधी विचारून घे, म्हणाली. फोन दुसऱ्या खोलीत राहिला होता, इतकंच.

ताईने फोन ठेवला. मग तिने भावाकडे पाहिलं.

“सकाळपासून ती लिंक आणखी किती जणांनी उघडली असेल रे?”

त्याने तोंड उघडलं. उत्तर नेहमीप्रमाणे जिभेवर तयार होतं. ते त्याने गिळलं.

“माहीत नाही, ताई.”

तिने दवाखान्यातल्या पालकांच्या फोन नंबरांचा कागद मधोमध फाडला आणि अर्धा त्याच्यापुढे सरकवला.