आमची दुभाषी बाई

पत्र टाइप करून झालं की ती ते मशीनमधून ओढून काढायची, खिडकीच्या उजेडात धरायची आणि बारीक निबाच्या पेनाने त्यावर खुणा करत बसायची. आमच्या टाइपरायटरवर नुसती इंग्रजी अक्षरं. स्पॅनिशमध्ये काही अक्षरांच्या डोक्यावर तिरकी रेघ लागते, एकावर छोटीशी लाट लागते. ते सगळं ती हाताने द्यायची. एखादी रेघ राहिली तर स्पेनमधल्या कुणाचं काही अडलं नसतं, पण हिचं अडायचं. मग कागद साहेबांच्या ट्रेमध्ये ठेवून ती म्हणायची, "सही त्यायची, बोलणं माहं."

हे वाक्य ती हसत म्हणायची, आणि आम्हीही हसायचो. आज मला त्या हसण्याचा राग येतो. तिच्या नव्हे, आमच्या.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. शहरातल्या सदर भागात आमच्या मँगनीज खाणीच्या कंपनीचं ऑफिस होतं, आणि आमचा बराच माल स्पेनला जायचा. मी आवक-जावक विभागात, म्हणजे आलेल्या पत्रांवर शिक्का मारायचा आणि जाणाऱ्या पत्रांवर तिकीट लावायचं. तुम्ही कुठल्याही ऑफिसात काम केलं असेल तर माझ्यासारखा माणूस पाहिलाच असेल. सगळं ज्याच्या हातातून जातं आणि ज्याचं कशातच काही नसतं, असा. ती टायपिस्ट होती, आणि तीही तात्पुरती. दर सहा महिन्यांनी तिची नेमणूक संपायची आणि पुन्हा सुरू व्हायची. पाण्याच्या माठाशेजारी तिचं टेबल होतं. पाणी प्यायला येणारा प्रत्येक जण तिच्या कागदांवर चार थेंब सांडून जायचा.

ती शहरातल्याच इंदोरा वस्तीतून सायकलवर यायची. वडील मिलमध्ये होते. आई एका कॉन्व्हेंटमध्ये स्वयंपाक करायची, आणि तिथली एक म्हातारी सिस्टर स्पेनची होती. शाळा सुटल्यावर ही पोरगी आईची वाट पाहत स्वयंपाकघराच्या पायरीवर बसलेली असायची. सिस्टरने तिला आधी इंग्रजी शिकवलं आणि मग, स्वतःच्या भाषेत बोलायला कुणी नाही म्हणून, स्पॅनिश. दहा वर्षं शिकवलं. शिकवायचं पुस्तक इंग्रज लोकांसाठी लिहिलेलं होतं. ते तिने मला एकदा दाखवलं. त्यात पानापानावर बिचाऱ्या इंग्रजांना धीर दिला होता, की इथे प्रत्येक वस्तू एक तर बाई असते नाही तर पुरुष, घाबरू नका, सवय होईल.

"इंग्रजायले याच्यात काय कठीण जाते समजत नाही भाऊ," ती म्हणायची. "खुर्ची इकडंबी बाई, तिकडंबी बाई. खाण इकडंबी बाई, तिकडंबी बाई. आपल्याले तर आईच्या पोटातून येते हे."

तिला सगळ्यात आवडायचा तो त्या भाषेतला 'आम्ही'. बायकाबायकांचा 'आम्ही' तिकडे वेगळा असतो. नोसोत्रास. पण शंभर बायकांत एक पुरुष येऊन बसला की तो शब्द मोडतो आणि पुरुषांचा होतो. डबा खायला ती आणि टेलिफोनवरच्या बाई एकत्र बसायच्या. मी माझा डबा घेऊन गेलो की ही म्हणायची, "आले हे. बिघडलं आमचं आम्ही." आणि सरकून जागा द्यायची.

साहेब मूळचे पुण्याकडचे. इंग्रजी उत्तम. स्पॅनिश शून्य. ते इंग्रजीत पत्र सांगायचे, ती स्पॅनिशमध्ये लिहायची, आणि ते न वाचता सही करायचे. वाचणार काय? इंग्रजीत 'मी' म्हटलं की कोण बोलतंय ते कळत नाही. स्पॅनिशमध्ये 'मला खात्री आहे' एवढं म्हणतानाही बाई की पुरुष ते उघड होतं. सही साहेबांची, म्हणून तीन वर्षं ती पुरुष होऊन लिहीत होती. एकदाही चुकली नाही. चुकणं हा प्रकारच तिच्यात नव्हता. समोरच्याने जे म्हटलं तेच दुसऱ्या भाषेत जायला पाहिजे, त्यात आपल्या पदरचं मीठ घालायचं नाही, हा तिचा धर्म होता.

तिचा एकच हट्ट होता. ऑफिसात 'अनुवादक' म्हणून कायमची जागा व्हावी आणि ती आपल्याला मिळावी. काम ती करतच होती, फक्त त्या कामाला नाव नव्हतं. तीन अर्ज तिने केले. तिन्हींवर मी माझ्या हाताने शिक्का मारला. तिसऱ्या अर्जानंतर साहेबांनी तिला बोलावून सांगितलं, "स्पेनचे पाहुणे येताहेत. त्यांची भेट नीट पार पडू द्या, मग तुमचं काम करून टाकू."

पाहुणे दोघे होते, आणि दोघांनाही इंग्रजी जेमतेम 'गुड मॉर्निंग'पुरतं यायचं. त्यांना घेऊन आम्ही रामटेकच्या अलीकडच्या आमच्या खाणीवर गेलो. दगडाच्या नमुन्यांच्या पिशव्यांना चिठ्ठ्या बांधायच्या म्हणून मलाही नेलं होतं. गाडीत ती पुढे बसली होती आणि मान मागे वळवून दीड तास दोन्ही बाजूंचं बोलत होती. पाहुणे खूश, साहेब खूश.

खाणीच्या तोंडाशी सगळं अडलं. बायकांनी जमिनीखाली उतरायचं नाही असा कायदाच होता. खाणीवरच्या मॅनेजरने हात जोडले. "बाई, माझी नोकरी जाईल." ती साहेबांना म्हणाली, "सर, मंग जे विचाराचं असन ते वर आल्यावर विचारू द्या त्यांना. खाली फक्त दाखवा." साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "खाली काय बोलायचंय? दगड तर बघायचेत." आणि आम्ही खाली नेणाऱ्या लोखंडी पिंजऱ्यात शिरलो. ती वर एका लाकडी खोक्यावर बसली. मला म्हणाली, "खाण बाई हाय, आन बाईलेच आत जागा नाही, पाहा भाऊ."

खाली काय झालं ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. खालच्या थरात चांगला, जड, काळा दगड लागला होता. मोठ्या पाहुण्याने दिव्याच्या उजेडात तो हातात घेतला आणि साहेबांना बरंच काही विचारलं. दगडाकडे बोट, मग समुद्रापलीकडे गेल्यासारखा लांब हात, मग पुन्हा दगडाकडे बोट. साहेब मान हलवत होते. आपल्याकडे माणूस बोलतोय आणि आपण ऐकतोय एवढ्यासाठी मान हलवतात, तशी. मध्येमध्ये "येस, येस". पाहुण्याने पुन्हा विचारलं, पुन्हा मान हलली. मग त्याने साहेबांचा हात दोन्ही हातांत घेऊन जोरात हलवला. साहेबांना वाटलं, दगड आवडला.

जेवण खाणीच्या गेस्ट हाउसमध्ये होतं. टेबलावर पाहुणे, साहेब, मॅनेजर. ती पाहुण्यांच्या खुर्चीमागे उभी. सकाळपासून तिने काही खाल्लेलं नव्हतं, तिचा डबा गाडीतच होता. धाकटा पाहुणा उठला आणि तिच्यासाठी खुर्ची ओढू लागला. साहेब तिला इंग्रजीत म्हणाले, "तुमचं जेवण झालंय, असं सांगा त्यांना." आणि तिने सांगितलं. सरळ आवाजात, एक शब्द इकडेतिकडे न करता, माझं जेवण झालंय असं तिने स्पॅनिशमध्ये सांगितलं. पाहुणा खाली बसला. मी दारात उभा होतो. माझंही जेवण व्हायचं होतं, पण मला कुणी खोटं बोलायला लावलं नाही.

दीड महिन्याने स्पेनचं पत्र आलं. तिने साहेबांसमोर उभं राहून ते इंग्रजीत वाचलं. खाणीत आपण वचन दिलंत त्याप्रमाणे यापुढचा सगळा माल फक्त खालच्या थरातला असेल, तेवढ्या विश्वासावर आम्ही दुसरीकडचा करार सोडला आहे. साहेबांचा चेहरा उतरला. खालच्या थरात तेवढा दगडच नव्हता.

कलकत्त्याहून मोठे साहेब आले. आमच्या साहेबांनी तोपर्यंत उत्तर तयार ठेवलं होतं: जेवताना दुभाष्याने चुकीचं सांगितलं. तिला बोलावलं. ती म्हणाली, "जेवताना मालाची गोष्टच नाही निघाली सर. खाली काही झालं असन. खाली मी नव्हती." मग मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. मी खाली होतो एवढं त्यांना कळलं होतं.

"आप नीचे थे. इन्होंने मेहमान को हाँ कहा था?"

साहेब माझ्याकडे बघत होते. ती बघत नव्हती, ती खिडकीबाहेर बघत होती. यांनी मान हलवली होती साहेब, पुन्हा पुन्हा हलवली होती, एवढंच म्हणायचं होतं. घरी दोन लेकरं, सासुरवाडीच्या ओळखीने लागलेली नोकरी, हे सगळं मी तुम्हाला सांगू शकतो, पण खरं कारण त्यातलं एकही नाही. खरं कारण हे की मी घाबरट आहे.

"साहब, मेरे को वो भाषा नहीं समझती," मी म्हणालो.

शब्दाशब्दाने खरं होतं ते. म्हणूनच मला माझी जास्त किळस येते.

त्याच दुपारी साहेबांनी तिला स्पेनला जायचं पत्र सांगितलं. इंग्रजीत सांगितलं, नेहमीसारखं. आमची दुभाषी बाई पुरेशी शिकलेली नाही, तिच्या चुकीमुळे आपला गैरसमज झाला, आम्ही दिलगीर आहोत. ही माणसाची जात बघा. ज्या बाईला भाषा येत नाही म्हणायचं, तिलाच ते त्या भाषेत लिहायला बसवायचं, आणि ती बरोबर लिहील याची मनात पूर्ण खात्री बाळगायची.

तिने लिहिलं. मला वाटलं होतं ती नाही म्हणेल, कागद फाडेल, निदान खरं काय ते लिहून साहेबांची सही घेईल. कोण वाचणार होतं? पण ती तसली नव्हती. तिने पत्र टाइप केलं, खिडकीकडे धरलं, एकेक रेघ दिली, एकेक लाट दिली. साहेबांनी सही केली. मग ती ते घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"न्वेस्त्रा त्रादुक्तोरा," तिने वाचलं. "आमची दुभाषी. बाईचं 'आमची'. तीन वर्षं झाले भाऊ, कोणत्याच पत्रात मी नव्हती. आज पयल्यांदा आली. पयल्यांदा मी यांची 'आमची' झाली."

मी म्हणालो, "बाई, तुम्ही काहून लिहिलं हे?"

"सगळं खोटं हाय. पण एकबी शब्द चुकला नाही. तिकडं वाचतीन तवा त्यायले समजन का जिले भाषा येत नाही म्हणते, तिनंच हे लिवलं." तिने कागद माझ्यापुढे सरकवला. "तिकीट लावा. तुमचं काम करा तुम्ही."

तिच्या आवाजात माझ्यावरचा राग होता आणि तिने तो लपवला नाही. मी तिकीट लावलं. तिने माठाजवळचं टेबल आवरलं, पेन पर्समध्ये टाकलं आणि सायकल घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिची नेमणूक संपायला अजून दोन महिने होते.

महिनाभराने मी इंदोऱ्याला तिच्या घरी गेलो. आई बाहेर आली. मी कोण ते सांगितलं. तिने लोटीभर पाणी दिलं, मी पिईपर्यंत थांबली आणि म्हणाली, "पोरगी जबलपूरले गेली, सिस्टरच्या शाळेत. सांगून गेली हाय, ऑफिसातलं कोणी आलं त पाणी द्याचं, पत्ता नाही द्याचा." मी लोटी परत केली.

वर्षभर स्पेनची पत्रं येऊन पडत होती. कुणाला वाचता येत नव्हती. शेवटी कंपनीने जागा काढली. अनुवादक, कायम, स्वतंत्र केबिन. तिच्या तिसऱ्या अर्जातला मजकूर जवळजवळ जसाच्या तसा जाहिरातीत होता, आणि ती जाहिरात मीच पोस्टात टाकली. जागा मुंबईच्या एका गृहस्थाला मिळाली. माणूस वाईट नव्हता. तिच्या जुन्या पत्रांच्या कार्बन प्रती वाचून तो काम शिकला, आणि ते तो मोकळेपणाने सांगायचा.

पुन्हा पाहुणे आले, पुन्हा खाण. पिंजऱ्याजवळ गेल्यावर या गृहस्थाला घाम फुटला. त्याला बंद जागेची भीती होती, खाली जाववेना. साहेब त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "अहो, काही हरकत नाही. तुम्ही वर थांबा. खाली आम्ही काही बोलणारच नाही, जे विचारायचं ते वर आल्यावर विचारू." त्यांनी मलाही त्याच्या सोबतीला वर ठेवलं.

तिने मागितलं होतं ते हेच. पिंजरा खाली गेला आणि मी त्या परक्या माणसाला सगळं सांगून टाकलं. मान कशी हलली ते, जेवणाचं, पत्राचं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, मोठ्या आवाजात, खाणीवरचे मजूर ऐकत असताना. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तिच्या बाजूने कुणीच काही बोललं नाही?" तो म्हणाला. "खाली तेव्हा दुसरं कुणी नव्हतं का?"

"होतं," मी म्हणालो. "मी होतो."