पूजेपुरता बंद

आमच्या मेंटेनन्सच्या खोलीत जळक्या ट्यूबा आणि किस्से, दोन्ही साठतात. फेकायला कुणी धजत नाही. श्रीरामपुरातलं पाच मजली कॉम्प्लेक्स. खाली दुकानं, वर दवाखाने, चौथ्यावर क्लास. दीडशे पोरं, त्यात माझी तन्वी. इमारत सांभाळतो आम्ही दोघं, सुपरवायझर मी आणि बेलापूरहून येणारे इलेक्ट्रिशियन मुनीरभाई. खर्च सांभाळतात मॅनेजर काळेसाहेब.

*

तपासणीच्या आदल्या दिवशी कळलं, आमचे आग विझवायचे सिलिंडर मुदत संपलेले! काळेसाहेबांनी दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या इमारतीतून उसने आणले. तपासायला आलेले गृहस्थ एका सिलिंडरपुढे थबकले.

"याला मी सकाळीच भेटलोय की!"

मग चहा घेऊन, पास करून गेले.

*

बचत म्हणून जिन्यातली एकाआड एक ट्यूब काढली. दवाखान्यात आलेल्या एक आजी पडल्या, खुबा मोडला. मी म्हटलं, "साहेब, ट्यूबा परत लावू." त्यांनी बोर्ड लावला, 'सावकाश उतरा'. अंधारात तो कुणाला वाचता येईना!

आजी पुन्हा चालल्या नाहीत. हे आम्ही हसत सांगतो, याची लाज वाटते.

*

मेन पॅनेलमधला ब्रेकर सारखा पडायचा. दुकानदार वैतागले. साहेब म्हणाले, "बायपास करून टाका."

मुनीरभाईंनी स्क्रूड्रायव्हर पुढे केला. "तुमीच करा साहेब. मला पोरं हायेत."

साहेबांनी हात खिशात घातले. दुसऱ्या दिवशी करंट कुठून गळतोय ते सापडलं. क्लासचा पाण्याचा कूलर!

*

आगीचा अलार्म दर महिन्याला वाजवून बघायचा असतो. क्लासचे सर कटकट करायचे, पोरं पळतात, तास बुडतो. साहेब म्हणाले, "वाजवू नका. रजिस्टरमध्ये ओके लिहा."

"भाऊ, न वाजवता ओके कसं?" मुनीरभाईंनी मला विचारलं.

"पॅनेलवर हिरवा दिवा लागलाय की," मी म्हटलं आणि सही केली.

*

खंडेनवमीला आम्ही पक्कड, टेस्टर मांडून पूजा करतो. अलार्मच्या पॅनेललाही हळदकुंकू आणि माळ. माळ दरवर्षी मुनीरभाईच ओवून आणतात. उदबत्तीच्या धुरानं भोंगा बोंबलतो, म्हणून पूजेपुरता त्याचा खटका बंद करायचा, ही आमची रीत.

यंदा उदबत्ती लावण्याआधी मी म्हटलं, "मुनीरभाई, भोंगा बंद करा."

ते वाकले. खटक्याला बोट लावलं.

"भाऊ, हा तर बंदच हाय."

"आत्ता कुणी केला?"

खटक्याच्या फटीतून झेंडूची वाळकी पाकळी काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "आत्ताची न्हाई. गेल्या नवमीची हाय."

टेबलावर रजिस्टर होतं. वर्षभराचे सगळे ओके माझ्याच अक्षरात.

वर क्लास सुटला. दीडशे पोरं जिन्यातून धडधडत खाली आली. त्यांच्यातून तन्वी ओरडली, "बाबा, पूजा झाली का?"